मंगळवारी समुद्र बंद

मंगळवारी समुद्र बंद.
एल्मिनात त्या दिवशी कुणी होडी ढकलत नाही.
वार समुद्राचा आहे,
जाळी सांधा, गप्प बसा.
मी सकाळभर जाळी सांधायचो
आणि संध्याकाळी, शाळेतून आली की, अराबाचं डोकं.

तिची आई टेमाला, कारखान्यात टूना डब्यांत भरते.
तीन महिन्यांनी येते,
काळ्या दोऱ्याची रिळं आणि ओरडा घेऊन.
पहिल्यांदा जाताना म्हणाली होती,
एबो, कोरडे विंचरशील तर बघ.
अराबा तेव्हा चार वर्षांची.
फणी आत जायची
आणि दात तिथंच ठेवून बाहेर यायची.

पहिल्या मंगळवारी ती रडली,
दुसऱ्या मंगळवारी मी.
तिसऱ्या मंगळवारी शेजारच्या आन्टी मान्सा
स्वतःचं स्टूल घेऊन आल्या,
माझ्या मनगटावर फणीची पाठ हाणून म्हणाल्या,
मुळापासून नाही रे बाबा, टोकापासून.
आधी पाणी. मग शिआचं लोणी, तळव्यावर वितळवून.
मग टोक. मग जरा वर. मग आणखी जरा.
घाई कसली तुला, समुद्र तर बंद आहे.

गाठी मला येत होत्या, बापानं शिकवलेल्या.
पण जाळ्याची गाठ ओढाल तेवढी आवळते.
इथं तशी मारली
तर पोरगी रात्रभर भुवया ताणून झोपते,
सकाळी कपाळाच्या कडेला पुटकुळ्या.
दोरा असा गुंडाळायचा की ओढला तर सुटावा.
एवढं कळायला मला वर्ष लागलं.

सहाव्या वर्षी विचारायची, किती पेड राहिले?
दोन, म्हणायचो. पाच असायचे.
सातव्या वर्षी नायटा, नाण्याएवढा.
आन्टी मान्सांनी सगळ्या गल्लीच्या फण्या
एका पातेल्यात उकळल्या.
नवव्या वर्षी मणी हवेत.
दहाव्या वर्षी, दार लाव, होडीवरची पोरं बघतात.
फोनवर आई: डोकं फिरव. अजून फिरव.
भांग वाकडा आहे, एबो.

भांग वाकडा नव्हता.
डाव्या कानाच्या वर मी तो मुद्दाम वळवायचो.
का, ते कुणाला सांगितलं नाही.

मग मोठ्या शाळेचा कागद आला.
दोन गणवेश, काळे बूट, एक झाडू,
मुलींचे केस बारीक कापलेले.
आठ दिवस तो मी खिडकीच्या फटीत खुपसून ठेवला.
आई फोनवर रडली.
आन्टी मान्सा म्हणाल्या, केस आहेत, बोटं नव्हेत, परत येतील.
अराबा माझ्या खिशातले दहा सेडी घेऊन
एकटीच फिफीच्या दुकानात गेली
आणि डोकं वाऱ्यात धरून दारात उभी राहिली.
पप्पा, हात लाव ना,
कुत्र्याच्या पिल्लासारखं लागतं!
नंतर, म्हटलं, हाताला मासळी आहे.
हाताला मासळी नव्हती.

पुढच्या मंगळवारी मी जाळं घेऊन पायरीवर बसलो.
आली, दप्तर टाकलं, वही काढली,
आणि नेहमीसारखी माझ्या गुडघ्यांमध्ये
पाठमोरी येऊन बसली.
अपूर्णांक आहेत, म्हणाली, बोलू नकोस.
मग मी काय करू?
लोणी तरी लाव. टाळू भाजतेय.

मी तळव्यावर वितळवलं.
आता टोक नाही, मूळ नाही, सगळं एकच.
अंगठा फिरत गेला,
डाव्या कानाच्या वर आपणच वळला,
थांबला, आणि मग सरळ गेला.
तांदळाएवढी पांढुरकी रेघ.
जखम मी पाहिली होती, ही रेघ कधी नाही.
तीन वर्षांची होती. होडीची कड.
मी दोर बांधत होतो, तिच्याकडे पाठ करून.
तिच्या आईला सांगितलं, पायरीवरून पडली.

तिथं काय आहे रे? वर्गातल्या मुली विचारतात.

मी घसा साफ केला.
ती आडव्या रेघेखाली छेद लिहीत होती.
थांब, म्हणाली,
एवढं सोडवू दे, मग सांग.