मूठ

मोकपोच्या बंदरामागे तीन मजली हिरवी जाळी,
जाळीच्या पायथ्याशी माझं दुकान. टपरीच म्हणा.
मी गोल्फच्या क्लबांच्या मुठी बदलतो.
जुनं रबर उभं चिरायचं, सालीसारखं सोलायचं,
चिकटपट्टीवर टर्पेंटाईन शिंपडून
नवं एका दमात सरकवायचं. थांबलात की अडकलं.

एकोणीस वर्षांत चेहरे पुसट झाले,
झीज लक्षात राहिली.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
माझ्यापुढे ती उघडीच येते.

सुल-बीच्या मुठीवर एकच खळगा,
डाव्या अंगठ्याखाली, तांदळाच्या दाण्याएवढा.
दर तीन महिन्यांनी नवी मूठ,
दर तीन महिन्यांनी खळगा तिथंच.
रोज सहाशे चेंडू, आठ वर्षांची होती तेव्हापासून.
बाप मागे प्लास्टिकच्या खुर्चीत
वहीत रेघा ओढत: गेला. चुकला. गेला.
अशा किती वह्या झाल्या, विचारलं नाही.

मग तो ताए-यूल.
शेजारच्या खाणावळीत मिठाची पोती टाकायला आला,
कुणाचा तरी सात नंबर भिंतीशी टेकलेला दिसला,
म्हणाला, एक मारू?
पायात रबरी बूट, गुडघ्यापर्यंत पांढरे.
आणि तो आवाज.
ओला बांबू चिरल्यासारखा, पण मऊ.
अख्खी रांग थांबली.
सुल-बीच्या बापाची पेन्सिल थांबली.

त्या दिवसापासून कॉफीच्या यंत्रापाशी एकच वाद.
निवृत्त बोट-कप्तान म्हणे, पिंडातच असावं लागतं,
माशाला पोहायला कोण शिकवतं?
बँकेतला कुक म्हणे, घोटल्याशिवाय काही नाही,
आणि स्वतः महिन्यातून एकदा यायचा.

मी त्या पोराचा तळवा उलटा करून पाहिला.
घट्टे. पण गोल्फचे नव्हेत.
दहाव्या वर्षापासून बेटावरच्या मिठागरात
लाकडी फावड्यानं मीठ ओढतोय,
कंबर फिरवायची, खांदे सैल, मनगट शेवटी.
मी जिंकल्यासारखा ओरडलो, बघा! रियाजच आहे हा,
फक्त दुसऱ्या वाद्यावर!

पुढच्या आठवड्यात तो थोरल्या भावाला घेऊन आला.
तेच मिठागर, तेच फावडं, घट्टे चार वर्षं जास्त जुने.
भावानं क्लब उचलला, फिरवला,
चटईचा तुकडा उडाला, चेंडू जागेवर.
दोघं खाली बसून हसले.
मी कॉफी प्यायला गेलोच नाही त्या दिवशी.

प्रांताच्या स्पर्धेत दोघांची नावं होती.
ताए-यूल पोचलाच नाही.
सकाळपासून कडक ऊन पडलं होतं, मीठ धरलं होतं,
अशा दिवशी मिठागर सोडून कोण जातं?
सुल-बी शेवटच्या भोकापर्यंत पुढे होती.
चार फूट. हजारदा घातलेले चार फूट.
चेंडू काठावरून डोकावला
आणि बाहेर उभा राहिला.

रात्री अकराला वरच्या मजल्याचे दिवे मालवले.
ती आली, एकटी, बाप नाही, वही नाही.
क्लब पुढे केला. मूठ बदला.
म्हटलं, महिनाभर चालेल अजून.
म्हणाली, नको. या वेळी जाड घाला.
जाडीनं पकड बदलते, पोरी,
सगळी घडी मोडेल हाताची.
ठाऊक आहे, म्हणाली. बाकावर बसून
बुटातली वाळू झटकत राहिली.

मी रबर चिरलं. तांदळाएवढा खळगा
डब्यात पडला, बाकी सालींमध्ये मिसळला.
परत यावंसं वाटणं, हे कुठल्या खात्यात मांडायचं,
कप्तानाच्या की कुकच्या,
मला ठरवता आलेलं नाही.

ती गेल्यावर हत्यारं पुसत होतो.
बाहेर पोत्यांची स्कूटर लागलेली होती बहुतेक.
अंधारातून, जाळीकडून,
एकदाच, तो आवाज आला.
कोणी मारला, बघायला उठलो असतो,
हाताला गोंद होता.