चार वाजताची लाट

पाटी पत्र्याची. तेलाचा पिंप फाडून सरळ केलेला,
त्यावर निळ्या ऑइलपेंटने: हॉटेल समुद्र किनारा.
खाली बारीक अक्षरांत: भात कितीही घ्या.

साकोलीहून बारा किलोमीटर, पुढे मुरमाचा रस्ता,
आणि समुद्र इथून किती लांब
ते आम्ही टपालवाले पिनकोडात मोजतो:
चार चार एकपासून चार एक पाचपर्यंत,
मधे एक रात्र, एक दिवस, आणि फाटलेली पोतडी.

कुंदाला निरोप द्यायला आलो होतो.
बदली, रत्नागिरी मुख्य डाकघर.
वाहाणे म्हणाले, "बाई, एकदम खारं पानी सोसनार नाही तुमाले,
आधी गोड्यावर प्रॅक्टिस करा."

तर हा तलाव. मालगुजाराच्या काळातला,
पाळीवर मोहाची चार झाडं,
पलीकडे शिंगाड्याच्या वेली पाण्यावर पसरलेल्या,
कुणी हिरवी सतरंजी वाळत घालावी तशा.
दुधराम मारबते तीन वर्षं गोव्यात भांडी घासून आला,
आणि तिथून आणलं काय,
तर खुर्च्या पाण्यात मांडायची रीत.
घोट्याएवढं पाणी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या,
टेबलाचा एक पाय गाळात रुतलेला
म्हणून रस्सा नेहमी वाहाण्यांच्या बाजूला.

मरळ. झिंगे. तांदळाची भाकर.
भिवापुरी मिरचीचा तो लाल,
जो आधी डोळ्यांना लागतो, मग जिभेला.
चुलीपाशी सेवंता, धुरात अर्धी,
न विचारता वाढायची आणि न विचारता थांबायची.

मी पोराला म्हटलं, "काय रे, समुद्र म्हणता,
लाट कुठाय तुमची?"
त्यानं खांबावरच्या घड्याळाकडं पाहिलं.
"चार वाजता येते जी."
"रोजच?"
"आजा जाळं घेऊन वापस येते तवा.
डोंगा वळला का येते. एकच येते."

अकरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो,
कुंदा आणि मी.
तिची अंबाडी, माझी लाखोरीची डाळ,
मनीऑर्डरच्या खिडकीमागं, पंख्याखाली, पंधरा मिनिटांत.
काटे काढायला तिला कधी जमलं नाही.
मीच काढून देत होते तेव्हा ती
ताटाकडं बघत म्हणाली,
"बदली मीच मागितली होती गं.
दोनदा."

वाहाणे मीठ शोधत होते.
मीठ त्यांच्या समोरच होतं.

मी विचारलं नाही काऊन म्हणून.
ज्याच्यावर पत्ता नाही असं पाकीट
आम्ही उघडत नाही,
वर दोरा बांधून वेगळं ठेवतो.
काटा बोटात रुतला, तेवढं झालं.

मग पलीकडून डोंगा निघाला.
म्हातारा उभाच, बांबू टेकत,
पाणकोंबड्या बाजूला सरकल्या,
मागच्या टेबलावरचे जीवन विमावालेही गप्प झाले.
पोरगं पाळीवर जाऊन उभं राहिलं
एस. टी. यायची असावी तसं.

वळण घेतलं डोंग्यानं.
पाण्यावर एक सुरकुती, लांबच लांब,
शिंगाड्याच्या वेली एकेक करून उचलत, ठेवत,
आमच्याकडे येऊ लागली.
घाई नव्हती तिला.
खुर्चीच्या पायांना लागली, घोट्यांना लागली,
कुंदाच्या साडीचा काठ हातभर भिजला,
ताटातून सांडलेली भाताची दोन शितं
तरंगत मारबत्यांच्या चुलीकडं गेली.

"आली जी," पोरगं म्हणालं. "आता उद्या."

बिल वाहाण्यांनी दिलं. चारशे ऐंशी,
वीस सेवंताच्या हातावर.
गाडी सुरू झाली, हॉर्न वाजला, पुन्हा वाजला.
कुंदा अजून पाण्यातच उभी होती,
पाठमोरी,
आणि तिच्या चपला माझ्या हातात.