अंश आणि छेद

डंडीत बस चढ चढून रुग्णालयाकडे वळते
तेव्हा खाली टे नदी दिसते,
नाहीतर धुकं दिसतं.
आज धुकं.
माझ्या पिशवीत डबा, आणि फायलींच्या कपाटाची किल्ली.

अभ्यास दोऱ्यांचा आहे.
गर्भपिशवीचं तोंड अवेळी उघडू लागलं
तर त्याला टाका घालतात,
बटव्याची नाडी ओढावी तसा.
प्रश्न एवढाच, की दोरा एकेरी गुळगुळीत बरा,
की वेणीसारखा गुंफलेला?
इचलकरंजीत माझ्या आईनं हा प्रश्न
ब्लाउजच्या गळ्यापुरता एका दुपारी सोडवला होता.
इथं त्याला आठ रुग्णालयं लागतात, सहा वर्षं,
आणि एक संगणक, जो नाणं उडवतो
आणि आम्हाला सांगत नाही.

दोनशे एकतीस क्रमांकाची बाई
संमतीपत्रावरचा 'दोरा' शब्द वाचून हसली.
तिची आजी इथल्या तागाच्या गिरणीत होती.
मागांच्या आवाजानं बहिरी झाली,
ओठ वाचायची,
सूत बोटानं ओळखायची.
मी म्हटलं, माझे वडीलही तसेच, फक्त यंत्रमाग.
मग आम्ही दोघी जरा मोठ्यानं बोलू लागलो,
उगाचच.

तिचं नाव मला माहीत आहे.
फॉर्मवर लिहायचं नसतं.
इथंही लिहीत नाही.

एकविसावा आठवडा, मंगळवार.
टाका उसवला नव्हता. जागच्या जागी होता.
पाणी आधी गेलं,
मग टाका कापावा लागला.
फॉर्म क्रमांक नऊ: निष्पत्ती. चौकटी चार.
तिसरीत फुली मारायची होती.
पेन उठेना. दुसरं घेतलं. तेही उठेना,
मग कळलं, मी दाबतच नाहीये.

सहा आठवड्यांनी ती आली.
कोट काढला नाही.
दुसरा दोरा असता तर?
मी म्हटलं, माहीत नाही.
हे मी दिवसातून पाचदा म्हणते.
ते खरं आहे, म्हणून तर माझी नोकरी आहे.

मग तिनं विचारलं,
आता मला यादीतून काढणार?

नाही.
ज्या गटात पडलीस त्याच गटात मोजायचं,
टाका टिकला तरी, तुटला तरी,
टेबलावर झोपून ऐन वेळी नको म्हटलं असतंस, तरी.
तू स्वतः सांगितल्याशिवाय
तुला कुणी खोडत नाही.

माझ्या आईला कुणी विचारलं, मुलं किती,
तर ती दोन म्हणायची.
ट्रंकेच्या तळाशी एक झबलं होतं, पिवळं,
ना माझ्या मापाचं, ना अच्युतच्या.
विचारलं की म्हणायची,
हात बसावा म्हणून शिवलेलं.
त्याला बटणं होती. काज होती.
हात बसावा म्हणून कुणी काज करत नाही.

पाचवीत जोगळेकरबाई फळ्यावर आडवी रेघ मारायच्या.
वर अंश, खाली छेद.
वर उरलेले, खाली सगळे.
बाई, तू वर नाहीस.
तू रेघेच्या खाली आहेस,
जिथं तुझ्यावाचून वरचा आकडा
नुसता अधांतरी लटकेल.
हे मला तिला इंग्रजीत सांगता आलं नाही.
इंग्रजीत अंशाला लेकरू म्हणत नाहीत,
आणि त्यांचा छेद कुणाला लागत नाही.

मी म्हटलं ते एवढंच: यू स्टिल काउंट.
भिंतीवरच्या जाहिरातीसारखं वाटलं मलाच.
ती मात्र बराच वेळ गप्प होती.

शेवटचं पान: दोन वर्षांनी फोन केला तर चालेल का?
तिनं 'हो'वर खूण केली, नंबर लिहिला,
आणि समासात, जिथं काही लिहायचं नसतं,
बारीक अक्षरात:
पाचनंतर करा.
पहिल्यांदा उचलला नाही, तर पुन्हा करा.