गढूळपणाचा आकडा

आमच्या गावात आठवड्याला आठवा वार असतो,
पाण्याचा वार.
तो कधी मंगळवारी येतो, कधी शुक्रवारी,
कधी रात्री अडीचला, चपला हातात घेऊन.
साखरपुड्याची तारीखसुद्धा
आधी त्याला विचारून धरतात.

मी सोरेगावच्या शुद्धीकरण केंद्रात, रात्रपाळीला.
सहा काचेची भांडी, सहा पाती, खाली एक दिवा.
भांड्यांत भीमा ओतायची.
पहिलीत चिमूटभर तुरटी, पुढचीत थोडी जास्त,
आणि बघत बसायचं
कुठल्या भांड्यात नदी आधी शांत होते.

एरवी उजनीतून सोडलेलं पाणी
आठवडाभर तरी चालत येतं आमच्याकडे.
काठावरच्या मोटारींची वीज तोडलेली असते,
तरी पोचतं तेव्हा थोडं कमीच,
लांबच्या पाहुण्यानं आणलेल्या पेढ्यांच्या पुड्यासारखं,
वाटेत कुणीतरी दोरा सोडून बघितलेलं.

त्या रात्री कुणी मोजून पाठवलं नव्हतं.
धरणाला एकच हात.
उन्हाळ्यासाठी मूठ आवळायची तीही त्यानंच,
पुरासाठी सोडायची तीही त्यानंच.
संदेश आला: विसर्ग वाढवण्यात येत आहे,
नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.
मागोमाग टाकळीच्या पंपघरातून महिबूब नदाफ:
‘मॅडम, सातवी पायरी गेली बघा.’
मग, ‘सहावी.’
मग नुसताच श्वास, आणि मागे नदी,
फोनमध्ये मावत नव्हती.

माझ्या यंत्रानं आकडा सांगायचं सोडलं,
एक आडवी रेघ दाखवत राहिलं.
सहाही भांड्यांत हॉटेलातला उकळलेला चहा.
कुणाची बांधावरची माती, कुणाचं शेणखत,
कुठल्या तरी देवळाच्या पायरीवरचं कुंकू
सगळं माझ्या दिव्यासमोर गरगरत होतं,
आणि तुरटीला त्यांच्यातलं कुणी ओळखत नव्हतं.

हलकुडे साहेब बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, ‘उपसा बंद करा.’

पूर्व भागात नरसय्या येमूल चावी खांद्यावर घेऊन उभा,
गळ्याइतकी उंच लोखंडी चावी,
आणि उंबऱ्याउंबऱ्यावर बायका,
कळश्यांची रांग, विडीच्या सुपातले हात थांबलेले.
‘नदीला पूर आलाय म्हणतात की ओ,
मग आमच्या नळाला काय झालं?’
त्यानं मला फोन लावला. ‘ताई, काय सांगू?’
मी म्हटलं, सांग, पाणी फार आहे, म्हणून नाही.
तो थोडा वेळ गप्प.
मग ऐकू आलं, बायकांना सांगत होता,
‘रेपु, अम्मा, रेपु.’
तेलुगूत उद्या जरा जवळ वाटतो.

पहाटे चारच्या पुढं कधीतरी
पाचव्या भांड्यात एक कण दुसऱ्याला चिकटला.
तिसरा आला. कापसाचं बोंड फुटावं तसं काहीतरी,
मग ते जड झालं, खाली बसलं.
वर बोटभर स्वच्छ पाणी.
मी डोस लिहिला, साहेबांना उठवलं.
ते झोपलेले नव्हतेच.

दुपारी पायऱ्या उघड्या पडल्या.
महिबूबचा फोन: पाचवीवर निळा ड्रम अडकलाय,
पाऊण भरलेला, झाकण पक्कं,
वर ऑइल पेंटनं लिहिलंय, पिण्याचे.
कुणाच्या घरातून निघाला, देव जाणे.
चार गावं विचारून झालीत, कुणी आपला म्हणत नाही.

मी बाटलीभर मागवलं.
यंत्रात ठेवलं.
एकाच्या आत.
सगळा पूर ह्याच्या अंगावरून गेला होता,
आणि आत कुणीतरी पाण्याच्या वारी भरून ठेवलेलं
तसंच्या तसं.

वहीत आकडा लिहायला घेतला.
नमुना कुठला, ह्या रकान्यापाशी
पेन थांबलं.