फ्रिजवरची यादी

वार्डोत सूर्य मावळला, तो आता जानेवारीतच उगवेल.
गुनवोर नाताळची यादी करायला बसते.
सात प्रकारची बिस्किटं. सासूबाईंच्या काळापासून सातच.
ती सात खोडते. तीन लिहिते.
जरा थांबून, चोरट्यासारखे, चार.

पाखरांसाठी ओटची पेंढी, अंगणातल्या खांबाला. हे राहू दे.
यंदा भांडण नको. (कुणाशी, ते लिहीत नाही.)

मग आठ वर्षांचा आइविंद पेन मागून घेतो,
तळाशी वाकड्या अक्षरांत लिहितो:
बाबा बोटीवरून आला की
आधी बूट काढत बसायचं नाही.
आधी आत यायचं.

ती नुकत्याच पुसलेल्या फरशीकडे बघते.
खारं पाणी, खवले, बर्फाचा चिखल.

यादीत वाढवते:
फडकी. दोन.