टॅब दाबेपर्यंत

आर्णीच्या नाक्यावर कादरभाईंचं मोटर रिवायंडिंगचं दुकान.
वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची भेंडोळी,
मागच्या फळीवर माझा लॅपटॉप;
त्याचं तुटलेलं बिजागरही तांब्याच्या तारेनंच बांधलेलं.
त्यावर मी स्टार्टरच्या डब्याचा मेंदू लिहिते, सी भाषेत.
फार हुशार नको आहे तो.
रात्री दीडला थ्री-फेज आली
तर कोणाला हरभऱ्यात उठून जावं लागू नये, एवढाच.

तीन आठवडे एडिटर नुसती पाटी होता.
लांबलचक नावं, एक अक्षर हुकलं
की कंपायलर भलत्याच ओळीवर बोट ठेवून बोंबलायचा.
मग शब्द सुचवणारा सर्व्हर उतरवला
पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, नवव्या पायरीवर,
तिथंच रेंज येते. दोनदा तुटला.
बसवल्याबरोबर त्यानं फाइलभर लाल रेघा मारल्या,
बदलून आलेल्या मास्तरासारख्या:
हेडर सापडत नाही. हेडर सापडत नाही.

हेडर घरातच होते.
त्याला पत्ता कोणी दिला नव्हता.
एका साध्या फाइलीत तीन ओळी लिहिल्या:
आमची माणसं या फोल्डरात राहतात,
काही त्या पलीकडच्या,
आणि चिप ही अशी आहे.
रेघा एकेक करत विझल्या.

मी लिहिलं मोटर, मग टिंब.
खाली यादी उघडली:
फेज. पाणी. दाब. बंद.
माझेच शब्द, परवा मीच ठेवलेले.

आता हे सांगायला हवं की मी अडखळते.
'प'वर सगळ्यात जास्त, आणि माझं नाव पौर्णिमा.
लोक वाईट नाहीत. त्यांना फक्त घाई असते
माझ्या दयेची.
मी प म्हटलं की कंडक्टर पुसद म्हणतो,
तिकीट हातात, सुट्टे पैसे हातात,
आणि मला जायचं असतं पांढरकवड्याला.
एकदा मी खरंच पुसदला गेले.
स्टँडवर चहा घेतला, परत आले.
घरी विचारलं, का काम होतं वं पुसदले?
काय सांगणार. आणि किती वेळात.

म्हणून पहिल्या रात्री एडिटरचाही राग आला.
मी पिन लिहायला जाते,
तो पुढचं स्वतःच घालून मोकळा,
एंटर मारला की भलताच शब्द ओळीत बसलेला.
म्हटलं, हाही कंडक्टर.

सेटिंग शोधण्यात दोन रात्री गेल्या.
निघाली एकच ओळ:
यादी दाखव. घालू नको. निवडू नको.
सेव्ह केलं, बंद केलं, उघडलं.
पी.
पाणी, पिन, प्रिंटएफ खाली येऊन उभे राहिले.
कोणी पुढे सरकलं नाही.
मी मुद्दाम बोट टॅबवरून उचललं.
बाहेर सरकीचा ट्रक वजनकाट्यावर चढला,
उतरला, ड्रायव्हरनं पावतीवरून वाद घातला,
यादी तशीच.
कर्सर लुकलुकत होता, तेवढंच.
मग मी यादी सोडून अख्खा शब्द हातानं लिहिला,
चुकवला, खोडला, पुन्हा लिहिला.

कादरभाई मागून पाहत होते.
"थे आपोआप येते ना वं?"
मी मान हलवली.
"मंग तू कायले टायपून राह्यली?"
मी म्हटलं, प
आणि त्यांच्या ओठांवर एक शब्द आलेला मला दिसला,
पूर्ण, तयार, माझा नसलेला.
त्यांनी सोल्डरिंगची कांडी उचलली,
टोकावर फुंकर मारली, पुन्हा ठेवली.
पंखा फिरत होता.
"पाहून राह्यली," मी म्हटलं.
"का?"
"थां... थांबते का थे."

डबा अजून टेबलावरच आहे.
एक रिले मधूनच चिकटतो.