दिंडोरी नाक्यावर दुकान टाकणाऱ्यास

पाटी रंगवायला टाकलीस, ऐकलं.
दोन रंगांत, वर तराजूचं चित्र.
छान. पण सुदाम, आधी
भिंतीवर घड्याळ लाव, गिऱ्हाइकाला दिसेल असं.
साडेनऊ म्हणालास तर सव्वानऊला
शटर वर गेलेलं असावं,
चहा उरकलेला,
हात पुसलेले.

रविवार कारंज्यावर बावीस वर्षं काटे दुरुस्त करतेय.
भद्रकालीतली मेथीवाली,
सराफ बाजारातले मिलिग्रॅमवाले,
मार्केट यार्डातले क्रेट तोलणारे,
सगळ्यांना वाटतं मी वजन विकते.
मी शून्य विकते.
रिकामं पारडं, आणि न थरथरता थांबलेला आकडा.
एवढाच आपला माल.

मखमलाबादचा तो व्यापारी आठवतो?
(तू सोल्डरिंग शिकत होतास, बोट भाजलं होतंस.)
पाकीट काउंटरवर सरकवून म्हणाला,
ताई, किलोमागे तीस ग्रॅम. कुणाला कळतंय?
मी काटा सरळ केला,
दुरुस्तीचे साडेतीनशे घेतले, पावती फाडली.
तो परत फिरकला नाही.
त्याच्या ओळखीचे अकरा जणही नाहीत.
मापात पाप नको म्हणतात,
त्याची किंमत कुणी सांगत नाही, म्हणून सांगते.
त्या दिवाळीला तुझा बोनस अर्धा होता.
तू विचारलं नाहीस,
मीही बोलले नाही. ती चूक माझी.
तुझ्या पोराला तू सांग.

यश मोजायचं कशात, विचारत होतास.
गल्ल्यात मोज. रोज संध्याकाळी. लाजू नकोस.
भाडं, वीज, पगार निघालाच पाहिजे,
नुसत्या नावावर गॅस पेटत नाही.
पण एक वही वेगळी ठेव,
परत आलेल्या कामांची.
आपण नीट केलेला काटा महिन्याच्या आत दारात आला
तर तारीख, कारण, चूक कुणाची.
आपली असली तर पैसे घेऊ नकोस,
आणि भाषणही देऊ नकोस.

माझ्या वहीत पहिल्या वर्षी चौसष्ट नोंदी.
गेल्या वर्षी पाच.
त्यातल्या दोन तुझ्या, एक माझी,
उरलेल्या दोन उंदरांच्या.

जमत नसेल ते जमत नाही म्हण.
माझा पत्ता दे. मीही तुझा देईन,
नाक्यापलीकडचे तसेही रिक्षाला वैतागतात.
उद्या येईल तो उधारीवर हसत हसत येईल,
तूही हसून नाही म्हण,
आवाज चढू देऊ नकोस.

सोबत पितळी वजनांची पेटी पाठवतेय.
चिमट्यानं उचल, बोटांनी नको.
घामाचंही वजन असतं,
आणि ते गिऱ्हाइकाच्या खात्यावर पडतं.

सोमवारी माझा जुना प्लॅटफॉर्म घेऊन येईन,
डाव्या कोपऱ्यात चाळीस ग्रॅम खातो.
रांगेत उभी राहीन.
पैसे घे.
पावती दे.